शेतकरी गटात तोंड सुटतं तेव्हा

सेंद्रिय शेतीच्या गटांवर समन्वयक म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांना जीवामृत, दशपर्णी, निंबोळी अर्क अशी घरची खतं-औषधं बनवणं सगळं येत असतं. भर बैठकीत एकाने दुसऱ्याची आय-माय काढली तर काय करायचं, हे मात्र कोणत्याच वर्गात शिकवत नाहीत. परभणी-हिंगोली पट्ट्यात काम करताना मला जे उपयोगी पडलं, ते सांगतो.

आधी एक लक्षात घ्या. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्याच सहभागातून माल सेंद्रिय असल्याची हमी देणारी पद्धत. तिच्या प्रमाणीकरणात किमान 5 शेतकऱ्यांचा स्थानिक गट असतो आणि गटातलेच शेतकरी एकमेकांच्या शेताची पाहणी करून सही करतात. दोघांचं बोलणं तुटलं की पाहणी अडते आणि बाकीच्यांचंही काम लटकतं. म्हणून ‘गावाकडं असंच बोलतात’ म्हणून सोडून देऊ नका.

सगळ्यात जास्त भडका उडतो तो एका टोमण्याने: “दिवसा गोमूत्र अन् रात्री युरिया!” यात अपमान आहे तसाच आरोपही आहे. अपमान थांबवा, आरोप दाबू नका, कारण गटाचा भरवसा त्याच्यावरच उभा आहे. “अप्पा, शंका आहे ना, मग पाहणीत लिहू. सकाळी तिघं मिळून शेतात जाऊ,” एवढंच म्हणायचं. शेतात गेल्यावर वरच्या रासायनिक शेतातलं पाणी कुठून उतरतं, शेजारचा फवारा वाऱ्याने येतो का, शेणखत किती पडलंय, नोंदवहीत काय लिहिलंय, हे सगळ्यांनी मिळून बघायचं.

कापसावरून झालेला एक वाद सांगतो. तात्या म्हणाले, “तुमच्या अर्कानं मावा मरंना. येड्यात काढायलाव का आमाला?” त्यावर एक तरुण उसळला, “तुमच्या विषानंच जमीन मेली!” मी कुणाचीच बाजू घेतली नाही, सगळ्यांना उठवून कापसात नेलं. एका झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं पान उलटून किडी मोजायच्या; पानामागे सरासरी 10 मावा म्हणजे फवारणीचा विचार करायचा, असा ठोकताळा. मोजता मोजता तात्यांना पानाखाली काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली. “हे काय मगरीवाणी?” ती ढालकिड्याची अळी, मावा खाणारी. तात्या तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. अर्कावर त्यांचा विश्वास बसला असं नाही, पण परतताना ते आणि तो तरुण त्या अळीबद्दलच बोलत होते.

माझं स्पष्ट मत आहे की रासायनिक शेती करणाऱ्याला ‘विष पेरणारा’ म्हणणं हे शिवीपेक्षा वाईट. शिवी रागात निघते, हे अभिमानाने म्हटलं जातं. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा फवारण्यांवर फवारण्या करूनही हात रिकामे राहिलेली माणसं समोर बसलेली असतात. शिवाय रूपांतरणाच्या, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रियकडं वळण्याच्या, पहिल्या दोन-तीन वर्षांत उत्पादन घटू शकतं आणि तोवर सेंद्रियचा भावही मिळत नाही. त्या माणसाचा आवाज चढला तर आधी त्याचा हिशोब विचारा.

काही बोलण्यांवर मात्र चर्चा नको. जातीवरून बोलणं, कर्जात बुडालेल्याची थट्टा, बाईला “तू चूल बघ” म्हणणं. खुरपणी, वेचणी, घरचं बियाणं राखणं ज्यांच्या हातावर चालतं, त्यांनाच हे ऐकावं लागतं. तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर थांबवा: “शब्द मागं घ्या, मगच बैठक पुढं.” बोलणारा गावातला कितीही मोठा माणूस असो. ज्यांनी ऐकलं त्यांना थांबवलेलंही दिसलं पाहिजे. आणि त्याच दिवशी त्या ताईंशी बोला, पुढच्या बैठकीची वाट बघू नका.

बाकीच्या कडक बोलण्यासाठी ज्येष्ठांना चारचौघांत टोकू नये. संध्याकाळी घरी जा, चहा घ्या, आधी त्यांचं ऐका. बहुतेकदा मूळ दुखणं वेगळंच असतं: बांधाचा जुना वाद, नाहीतर योजनेच्या यादीत न आलेलं नाव.

बैठकीची वेळही बघून ठरवा. पेरणी होऊन पावसाने दडी मारली असेल, तर ठरलेला विषय बाजूला ठेवा. त्या दिवशी फक्त दुबार पेरणीचं बोला: कुणाकडं घरचं बियाणं शिल्लक आहे, उगवण तपासलीय का, कोण कुणाला किती देऊ शकतं.