सायकलची ‘खट्’ आणि एक कॉटर

वडिलांची हर्क्युलिस. २८ इंची चाकं, सळ्यांचे ब्रेक, अस्सल लोखंड. मालवणहून आचऱ्याकडे निघालो, की चढावर डावं पायडल वरून पुढे येताना ‘खट्’ व्हायचं. मी पायडल बदललं, चेनला तेल दिलं. आवाज तसाच.

रविवारी चहाच्या टपरीवर आम्ही जुन्या सायकलवाले जमतो. तिथे एका काकांनी क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने हलवून पाहिला. म्हणाले, “कॉटर ढिलो झालो रे. ठोकताना खाली आधार दी, नायतर छर्रे फुटतले.”

तो आधारच महत्त्वाचा! कॉटर म्हणजे क्रँकला मधल्या ॲक्सलवर जखडणारी पाचरीसारखी पिन. ती खाऱ्या हवेत गंजून क्रँकमध्ये घट्ट बसते. मी रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू दिलं. सकाळी क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा उभा केला, म्हणजे घाव थेट जमिनीत जातो, ॲक्सलभोवतीच्या बेअरिंगच्या छऱ्यांवर येत नाही. नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करून त्यावरच ठोकलं, आटे वाचले. तिसऱ्या घावाला पिन सुटली. तिच्या सपाट बाजूवर ॲक्सलच्या कडेने पाडलेली खाच नखाला लागत होती.

नवी पिन थोडी कानशीने घासली, ग्रीस लावून उजवीच्या उलट दिशेने बसवली. तसं केलं नाही तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. ठोकून बसवल्यावरच नट आवळला. नुसत्या नटाने ओढली तर आटे जातात. वीसेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळला.

परवा आचऱ्यापर्यंत गेलो. फक्त चेनचा आवाज.