घरमालक घर बघायला येणार आहे? मग निदान या चुका करू नका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही ओळखीच्या मंडळींचे भाड्याने दिलेले फ्लॅट मी सांभाळते. मालक कुणी साताऱ्याला, कुणी दुबईला, आणि चाव्यांचा जुडगा माझ्याकडे. मालक घर बघायला आला की मी सोबत असते. आणि आदल्या रात्री साडेदहाला भाडेकरूचा फोनही मलाच येतो : "ताई, उद्या ते येतायत. पटकन काय काय करून घेऊ?" त्या वेळी माझं उत्तर ठरलेलं आहे, काही करू नका, झोपा. रात्रीत उरकलेल्या कामाने घर सुधारलेलं मी तरी पाहिलेलं नाही. बिघडलेलं मात्र पुष्कळ पाहिलंय.

ओलीवर रंग मारणे

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक हीच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींची काय दशा होते ते सांगायला नको. नवी मुंबईतल्या जुन्या सिडको इमारती असोत नाहीतर घोडबंदर रोडचे टॉवर, ऑगस्टपर्यंत कुठल्यातरी भिंतीला पोपडे धरतातच. आणि करारांची अकरा महिन्यांची मुदत बरोबर गणपतीनंतर संपायला आली की मालक बघायला येतो. मग भाडेकरूला दरदरून घाम.

नेरुळमधला किस्सा. नवरा-बायको दोघंही महापेला नोकरीला, स्वभावाने चांगले, भाडं एक तारखेला जमा. बेडरूमच्या भिंतीवर जुलैपासून ओल होती. मालकाला कळवलं नाही, कारण "उगाच आपल्यावर यायचं". मालक काका शनिवारी सकाळी येणार म्हणून शुक्रवारी रात्री नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून लांबीचं, म्हणजे पुट्टीचं, पाकीट आणि छोटा डबा रंग आणला. शेड मोबाइलवरच्या फोटोवरून जुळवली होती! पोपडे खरवडले, ओल्याच भिंतीत लांबी भरली, वर दोन हात मारले, आणि पंखा पाचवर ठेवून झोपले.

सकाळी दार उघडताच रंगाचा वास. भिंतीच्या मधोमध पंजाएवढा नव्हे, चांगला कपाटाच्या दाराएवढा वेगळ्याच रंगाचा चौकोन. काकांनी काही न बोलता त्यावर अंगठा दाबला, तो आत गेला. मग त्यांनी इतकंच विचारलं, "अजून काय काय झाकलंय?" आणि पुढचा दीड तास त्यांनी फ्लॅटमधलं प्रत्येक कपाट सरकवून पाहिलं.

खरी गंमत पुढे आहे. ओल येत होती वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरची भिंत किंवा सामायिक पाइप यांतून गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि एखाद्याच्या संडास-बाथरूममधून गळत असेल तर त्या सभासदाने, म्हणजे फ्लॅटमालकाने. म्हणजे भाडेकरूच्या खिशाला काडीचीही झळ नव्हती. पण आता काका वरच्या गृहस्थांना घेऊन आले, तर ते म्हणतात, "कुठाय लीकेज? भिंत तर नवीन रंगवलीय." पुरावाच पुसलेला. वरच्यांनी फरशी उकरून पाणी जाण्याचा नहाणी ट्रॅप बदलायला दिवाळी उलटून गेली. आणि तो चौकोन उठून दिसत असल्याने अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी लागली. तिचे पैसे डिपॉझिटमधून गेले. माझ्या मते बरोबरच गेले.

तेव्हा ओल दिसली त्याच दिवशी फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप करा. "बेडरूमच्या पूर्वेच्या भिंतीला ओल आली आहे, कृपया बघा." बस, एवढंच. सोसायटीकडे तक्रार सभासदानेच करायची असते, तुम्ही भाडेकरू म्हणून ऑफिसात चकरा मारून काही उपयोग नाही. पुढे दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून आणखी एक फोटो टाका. डाग वाढतोय का, हे त्यावरून कळतं. गळती बंद होऊन भिंत पूर्ण सुकेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ओल्या भिंतीत लांबी धरत नाही, हे कुठलाही रंगारी फुकट सांगेल. काळी बुरशी आली असेल तर ती मात्र पुसून घ्या आणि पलंग, कपाट भिंतीपासून वीतभर सरकवा. पुसणं वेगळं आणि झाकणं वेगळं. कपाट ओढून डागासमोर उभं करणारेही असतात. मालक आधी कपाटामागेच बघतो हे त्यांना कोण सांगणार!

बाथरूममध्ये ॲसिड

ही दुसरी. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात, बोअरचं पाणीही मिसळतं. हे जड पाणी नळावर, शॉवरवर, टाइल्सवर पांढरे थर चढवतं. वर्षभर कुणी त्याकडे बघत नाही आणि शेवटच्या दिवशी "डीप क्लीनिंग"वाली दोन पोरं बोलावतात. त्यांच्या हातात बिनलेबलची बाटली. ओतली की धूर निघतो आणि फेस येतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं काय जोरदार सफाई चाललीय.

तो फेस कसला, हे समजून घ्या. पाण्याचे थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, ते ॲसिडमध्ये विरघळतं. पण बाथरूमच्या दारातला उंबरठा संगमरवरी असतो, आणि संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिडला दोन्ही सारखेच. कासारवडवलीच्या एका फ्लॅटमध्ये उंबरठ्याची सगळी चकाकी गेली, हात फिरवला की खडूसारखा खरखरीत लागायचा. नळांच्या क्रोमला काळे टिपके पडले आणि टाइल्समधलं सिमेंट पोखरलं गेलं ते वेगळंच. पाण्याचे डाग मालकाने नैसर्गिक झीज म्हणून सोडून दिले असते. काळे पडलेले नळ कोण सोडेल?

माझी सवय सांगते. जुनं फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून नळाला गुंडाळायचं, अर्ध्या तासाने काढून जुन्या टूथब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. व्हिनेगर नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व पाण्यात कालवून. एकदा केल्याने जाणार नाही, तीन-चार रविवार करावं लागेल. तेवढा धीर नसेल तर डाग राहू द्या. व्हिनेगर, लिंबू संगमरवरावर मात्र नाही, ते सौम्य असलं तरी आम्लच. तिथे साधं साबणपाणी.

आणि टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र कधीही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूमं केवढीशी असतात!

खिळ्याच्या भोकात टूथपेस्ट

इंटरनेटवर कुणीतरी दाखवलंय म्हणून सगळे करतात. महिन्याभरात पिवळी पडते, आणि मालक ती नखाने काढून दाखवतो. लांबीचं लहान पाकीट स्वस्त मिळतं. भरा, सुकू द्या, पॉलिश पेपर फिरवा. आणि मुळात चार-पाच खिळ्यांवरून डिपॉझिट कापणारा मालक मला क्वचितच भेटलाय. न विचारता एसीसाठी भिंतीला पाडलेलं भोक ही वेगळी गोष्ट.

वासाने वास मारणे

फिनाईल, अगरबत्ती, रूम फ्रेशनर, सगळं एकदम. दारात पाऊल टाकताच माणसाला शंका येते. आदल्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा आणि सिंकखालच्या पाइपचा बाटलीसारखा भाग (बॉटल ट्रॅप) उघडून साफ करा. निम्मा वास तिथून येतो.

कबुतरांची विष्ठा कोरडी झाडणे

ड्राय बाल्कनीत एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरं बसतात आणि वर्षभराचा थर साचतो. कोरडं झाडलंत तर ती धूळ फुप्फुसात जाते, त्याने काहींना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क बांधा, मग खरवडा. आणि घाण पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सोडू नका, नाहीतर मालकाच्या आधी ते वर येतील.

करार न वाचणे

नोंदणीच्या बायोमेट्रिकला अंगठा लावून झाला की करार मेलमध्ये पडून राहतो. मालक यायच्या आधी तो उघडा. पाहणीसाठी पूर्वसूचना किती दिवसांची, रंगाचा खर्च कुणाचा, "नैसर्गिक झीज वगळता" हे शब्द आहेत की नाहीत, आणि मागे जोडलेल्या यादीत पंखे, गीझर, ट्यूबलाइट किती, हे बघा. यादीत सहा पंखे आणि घरात पाच असतील तर सहावा माळ्यावर शोधा, आजच. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. "रजिस्टर कशाला, आपण घरचेच" म्हणणाऱ्या मालकाकडे राहायला जाऊच नका.

राहायला येताना काढलेले फोटो शोधून ठेवा. काढलेच नसतील तर आता वाद घालू नका, मुकाट ऐकून घ्या.

"डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही"

पाहणीत कपातीवरून खटका उडाला की तरुण मंडळींचा हा डायलॉग ठरलेला. मुदत संपल्यावर घर अडवून बसलात तर त्याच कायद्याच्या कलम 24 प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. भांडायचं असेल तर मुदत शिल्लक असताना, लेखी भांडा. म्हणून शेवटची पाहणी मी घर सोडायच्या दिवशी ठेवत नाही, दहा-बारा दिवस आधी ठेवते. सामान भरलेलं असलं तरी चालतं. नळ गळतो, खिडकीचं चाक तुटलंय, गीझरचा दिवा लागत नाही, या गोष्टी सामानातही कळतात, आणि सावकाश माणूस बोलवायला वेळ मिळतो. टेम्पो खाली हॉर्न मारतोय आणि वर मालकाशी हिशेब चाललाय, अशा वेळी दोघंही नको ते बोलतात.

संध्याकाळची वेळ देणे

ट्यूबलाइटमध्ये डाग दिसत नाहीत म्हणून सातची वेळ देणारे चतुर लोक असतात. मालक टॉर्च आणतो. सकाळची वेळ द्या, पाणी सुरू असताना, म्हणजे नळही तपासता येतात.

किरकोळ गोष्टी. उडालेले बल्ब बदला. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात सोडा घालून भिजवा. घर सोडत असाल तर महावितरणच्या मीटरचा आणि गॅसच्या मीटरचा फोटो त्याच दिवशी काढा, पाइप गॅसचं बिल मागाहून येतं आणि तेव्हा आकडा कुणाला आठवत नसतो. फोन न उचलणारा धाकटा भाऊ घरी ठेवून ऑफिसला जाऊ नका, ज्याला घरातलं माहीत आहे त्यानेच थांबायचं. चहा विचारा, पोहे-शिऱ्याचा घाट घालू नका, मालक संकोचतो आणि तुमचीही धांदल होते.

मालक लिफ्टमध्ये शिरला की लगेच व्हॉट्सॲप करा : आज काय काय पाहिलं, कुठली दुरुस्ती कुणी करायची ठरली, कधीपर्यंत. त्याच्याकडून "ओके" येईपर्यंत पाठपुरावा करा. आणि मधल्या काळात दाराचं लॅच बदललं असेल तर तेही याच मेसेजमध्ये सांगून टाका. नवी चावी न दिल्यामुळे मालकासोबत जिन्यात ताटकळत उभं राहायची वेळ माझ्यावर वारंवार येते.