लॅपटॉपला मॉनिटर, हब आणि कीबोर्ड नीट कसे जोडावेत

घरून काम करायचं तर लॅपटॉपचा १४ इंची पडदा अपुरा पडतो आणि मान दुखायला लागते. म्हणून आधी मॉनिटर येतो, मग कीबोर्ड-माउस, आणि शेवटी हे सगळं एका वायरवर आणणारा यूएसबी-सी हब. तिथून तक्रारी सुरू होतात. पडदा काळाच राहतो, माउस अडखळतो, चार्जर लावूनही बॅटरी उतरते. बहुतेक वेळा लॅपटॉप ठणठणीत असतो, पण पोर्ट, वायर आणि वॅट यांचा मेळ बसलेला नसतो. पुढची कृती विंडोज ११ धरून दिली आहे. पोर्ट आणि वायरींबद्दलचं सगळं मॅकबुकलाही लागू पडतं.

१. आधी वीज

ॲडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट १००–२४० व्होल्ट असेल, तर वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नाही. पिन तीन असतील, तर त्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच घाला. तिसरी पिन वगळणारा कन्व्हर्टर अजिबात वापरू नका. धातूच्या बॉडीवर मनगट टेकलं की मुंग्या आल्यासारख्या वाटतात, त्याचं कारण इथेच आहे. ॲडॅप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट बॉडीपर्यंत येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत उतरतो. दोन पिनांच्या ॲडॅप्टरला हे थोडंफार होणारच. पण तीन पिना असूनही मुंग्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच स्पाइक गार्डवर लावा. मात्र वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका. ॲडॅप्टर काढा आणि राउटरहून येणारी लॅनची वायर असेल, तर तीही काढा.

२. पहिल्यांदा सुरू करताना

नव्या लॅपटॉपचं बटण दाबूनही काही घडलं नाही, तर घाबरू नका. बऱ्याच मॉडेलांची बॅटरी कारखान्यातूनच झोपवून पाठवलेली असते आणि ॲडॅप्टर लावल्यावर ती जागी होते. पहिल्यांदा आठ तास चार्ज करण्याचा नियम जुन्या निकेल बॅटऱ्यांचा, लिथियम-आयनला त्याची गरज नाही.

सेटअप संपला की सेटिंग्जमधून विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा पाहा. एका फेरीत सगळं येत नाही. त्यानंतर कंपनीच्या ॲपमधून बायोसचं (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट घ्या, पण ॲडॅप्टर लावलेला असतानाच. हे अपडेट मध्येच तुटलं, तर लॅपटॉप सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

आणखी एक काम इथेच उरकून घ्या. विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणं, अनेकदा आपोआप चालू होतं. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदल झाला, तर लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच शोधून कागदावर उतरवा आणि लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरातल्या कागदपत्रांत ठेवा. ती मिळाली नाही, तर डिस्कवरचे फोटो आणि फायली कोणताही दुरुस्तीवाला परत देऊ शकत नाही.

३. पोर्ट ओळखा, मग वायर ओळखा

सी-पोर्ट दिसायला सगळे सारखे, पण कामं वेगळी. एखाद्यातून फक्त डेटा जातो, एखाद्यातून चार्जिंगही होतं आणि एखाद्यातून चित्रही बाहेर येतं. पोर्टशेजारची खूण उजेडात नीट पाहा. डी आणि पी ही इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतील, तर तिथून मॉनिटर चालेल. बाणासारखी वीज म्हणजे थंडरबोल्ट, तिथूनही चालेल. नुसती प्लगची किंवा बॅटरीची खूण चार्जिंगपुरती असते. खूणच नसेल, तर कंपनीच्या तांत्रिक माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड’ (सी-पोर्टमधून चित्र बाहेर काढण्याची सोय) हे शब्द शोधा. ते नसतील, तर साधा सी-हब कितीही महागाचा आणला तरी त्यातून चित्र येणार नाही. अशा वेळी लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट वापरा.

वायरचंही तसंच. मोबाइलच्या डब्यातली सी-टू-सी वायर बहुधा यूएसबी २.० ची असते. तिचा वेग ४८० मेगाबिट आणि तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. तिने लॅपटॉप चार्ज होईल, पण मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवेल. वॅटची मर्यादाही वायरलाच असते. साधी वायर ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतच. त्याहून जास्त हवं असेल, तर आत ओळख सांगणारी चिप असलेली ५ अँपिअरची वायर लागते. म्हणून घेतानाच १०० किंवा २४० वॅटचा शिक्का आणि चित्राचा स्पष्ट उल्लेख असलेली वायर घ्या.

४. मॉनिटर

जोडल्यावर विंडोज की आणि पी एकत्र दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. मग सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले असं जाऊन दोन पडद्यांची चित्रं टेबलावर जशी मांडणी आहे तशी ओढून ठेवा. नाहीतर मॉनिटर डावीकडे आणि माउस उजव्या कडेतून बाहेर, असा गोंधळ होतो.

फोर-के मॉनिटरवर कर्सर धक्के खात सरकतोय असं वाटलं, तर त्याच पानावरच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, पाहा. तिथे ३० हर्ट्झ दिसेल. एचडीएमआय १.४ ची झेप फोर-केला ३० हर्ट्झपर्यंतच, ६० साठी २.० लागतं. स्वस्त हबमध्ये आणखी एक अडचण असते. सी-वायरमधल्या वेगवान तारांच्या चार जोड्यांपैकी दोन हब यूएसबीला देतो, चित्राला दोनच उरतात आणि जुन्या डिस्प्लेपोर्टच्या वेगाने त्या फोर-के ६० ला पुरत नाहीत. हब घेताना ‘फोर-के’ एवढ्यावर थांबू नका, पुढे ‘६० हर्ट्झ’ लिहिलंय का ते वाचा. एम१ किंवा एम२ चिपच्या मॅकबुक एअरवर दोन बाहेरचे मॉनिटर चालवायचे असतील, तर साधा हब उपयोगाचा नाही. त्या लॅपटॉपची मुळातली मर्यादाच एका मॉनिटरची आहे.

पडदा काळाच राहिला, तर या क्रमाने जा:

- मॉनिटरच्या बटणाने योग्य इनपुट निवडलाय का ते पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.
- हब काढून मॉनिटर थेट लॅपटॉपला लावा. चालला तर दोष हबचा किंवा वायरचा.
- विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. पडदा लुकलुकेल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होईल.

५. हबचा वॅटचा हिशेब

हबवर १०० वॅट छापलेलं असतं, पण तो आकडा हब किती वाहून नेऊ शकतो याचा. तुमचा चार्जर ६५ वॅटचा असेल, तर त्यातले साधारण १० ते १५ वॅट हब स्वतःसाठी आणि जोडलेल्या वस्तूंसाठी राखतो. लॅपटॉपला ५० च्या आसपास मिळतात आणि ‘स्लो चार्जर’ची सूचना येते. नुसतं टायपिंग असेल तर चालून जातं, व्हिडिओ एडिटिंगला नाही. उपाय सरळ आहे: हबला ९० किंवा १०० वॅटचा चार्जर लावा.

बाहेरून जोडायची, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्कही या हिशेबात येते. तिला सुरू होताना बराच करंट लागतो आणि यूएसबी ३ चा पोर्ट साधारणपणे ०.९ अँपिअरच देतो. हबवर आणखी दोन वस्तू असतील, तर डिस्क टिकटिक करत पुन्हा पुन्हा बंद पडते आणि तेवढ्यात फायली खराब होऊ शकतात. डिस्क थेट लॅपटॉपला लावा.

६. अडखळणारा माउस

वायरलेस माउसचा बारीक डाँगल (यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा रिसीव्हर) २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी ३ चा डेटा वाहताना त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. डाँगल हबमध्ये हार्ड डिस्कच्या शेजारी असेल, तर माउस अडकत चालतो आणि लोक सेल बदलत बसतात. डाँगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरवर माउसजवळ ठेवा.

७. कायम चार्जिंगवर राहणारी बॅटरी

मॉनिटरला जोडलेला लॅपटॉप दिवसभर १०० टक्क्यांवर आणि गरम राहतो. या दोन गोष्टींनीच बॅटरी लवकर म्हातारी होते. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल, तर ती लावा. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री काढली तरी पुरे.

८. बाहेरच्या कीबोर्डवर मराठी

सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठी जोडा. विंडोज की आणि स्पेसबारने भाषा बदलते. रोमन अक्षरांवरून लिहायची सवय असेल, तर मराठी फोनेटिक घ्या. रोज लिहायचं असेल, तर इनस्क्रिप्टच शिका, कारण ही मांडणी सरकारमान्य आहे आणि मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे जवळपास तशीच मिळते. डाव्या हाताला स्वरांच्या खुणा, उजव्या हाताला व्यंजनं, त्यामुळे हात लवकर बसतो. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर आहे. ‘दऱ्या’मधला ऱ्य अनेकांना सापडत नाही. तो असा काढा: ओ दाबून द, शिफ्ट आणि जेने ऱ, डीने हलन्त, स्लॅशने य आणि ईने काना. शिफ्ट सुटली की ‘दर्या’ उमटतं.