लेबलांचा कागद प्रिंटरमध्ये घालण्याआधी

आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या भरून झाल्या, आमसुलं पाकिटांत गेली, की लेबलांची घाई सुरू होते. तयारी खरं तर बाटल्या रिकाम्या असतानाच करावी. शिवणकामाचा टेप बाटलीला गुंडाळून घेर घ्या आणि बाटलीचा सरळ भाग किती उंच आहे तेही मोजा. खांद्याच्या वळणावर गेलेल्या लेबलाला चुण्या पडतातच, म्हणून लेबलाची उंची सरळ भागापेक्षा निदान ५ मिमी कमी हवी.

मग मजकूर कागदावर लिहून काढा. पदार्थाचं नाव, घटक (ज्याचं प्रमाण जास्त तो आधी), पोषणमूल्यं, निव्वळ वजन किंवा माप, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसहित कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण. एवढं सगळं ६४ × ३४ मिमीच्या चौकटीत वाचता येईल असं बसत नाही. मुख्य लेबलासाठी एका ए-४ वर ८ लेबलं असलेला कागद घ्यावा आणि २४ लेबलांचा कागद फक्त बदलत्या गोष्टींसाठी, म्हणजे बॅच, तारीख, किंमत यांसाठी ठेवावा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ पासून आणि कोकणच्या हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण त्याची खूण लेबलावर घालण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद झालेली असावी लागते.

आता मोजमाप. सगळं काम इथेच जमतं किंवा बिघडतं. स्टीलची पट्टी घ्या. शाळेतल्या प्लास्टिकच्या पट्टीचं टोक बहुधा झिजलेलं असतं. एका लेबलाची उंची आणि रुंदी मोजणं सोपं आहे, पण वर्ड प्रोसेसरला त्याहून जास्त गरज असते ती पिचची, म्हणजे एका लेबलाच्या वरच्या कडेपासून खालच्या लेबलाच्या वरच्या कडेपर्यंतच्या अंतराची. हे अंतर एकाच लेबलावर मोजू नका. ८ ओळींचा कागद असेल तर पहिल्या लेबलाच्या वरच्या कडेपासून आठव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा आणि ७ ने भागा. एका पिचमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक राहिली तर शेवटच्या ओळीला ती साडेतीन मिलिमीटर होते आणि तारीख खालच्या कडेवर चढते. आडवं अंतरही असंच काढा. आकड्यांची बेरीज कागदाशी जुळते का तेही पाहा. २४ च्या एका नमुन्यात डावीकडे ७ मिमी, आडवा पिच ६६, रुंदी ६४: ७ + ६६ + ६६ + ६४ + ७ = २१०. उभ्यात वर १२.५, मग ३४ च्या ८ ओळी, खाली १२.५, एकूण २९७. बेरीज जुळली नाही तर पुन्हा मोजा, आकडे मनाने वळवू नका.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मेलिंग्ज, लेबल्स, ऑप्शन्स, न्यू लेबल असं जायचं. आधी पेज साइज ए-४ करा. तिथे लेटर राहिलं तर त्याची उंची २७९.४ मिमीच असते, ८ ओळी मावत नाहीत आणि लेबलं पानापेक्षा मोठी असल्याचा इशारा येतो. खूप जण मग बरोबर आकडेच कमी करत सुटतात. चौकटींत इंच दिसत असतील तर आकड्यापुढे ‘मिमी’चं इंग्रजी लघुरूप टाइप करा, वर्ड ते घेतो. लिब्रेऑफिसमध्ये फाइल, न्यू, लेबल्स, आणि आकडे फॉरमॅटच्या पानावर. तिथे ऑप्शन्समधलं सिंक्रोनाइज चालू ठेवलं तर पहिल्या लेबलातला बदल एका बटणावर बाकीच्यांत उतरतो.

वर्ड लेबलांचं टेबल करतो आणि त्याच्या ओळींची उंची पक्की असते. मजकूर जास्त झाला तर चौकट वाढत नाही, खालचा भाग कापला जातो. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि उकार जागा मागतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर आवळून बसवू नका, त्यापेक्षा शब्द कमी करा. फॉन्ट युनिकोडच हवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर प्रिंटवाल्याच्या संगणकावर अगम्य होतो. बाहेर छापायचं असेल तर पीडीएफ न्या. टेबलानंतरच्या रिकाम्या परिच्छेदामुळे कोरं दुसरं पान येत असेल तर त्याचा आकार १ पॉइंट करा.

बॅचवार तारखा एक्सेलमधून वर्डच्या मेल मर्जने (तक्त्यातली माहिती लेबलांत भरण्याची सोय) घ्यायच्या असतील तर परवाना क्रमांक आणि तारखांचे रकाने टाइप करण्याआधीच ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर १४ अंकी क्रमांक आखडतो आणि तारखेत महिना आधी येतो. पहिल्या लेबलात रकाने बसवल्यावर अपडेट लेबल्स दाबायला विसरू नका, नाहीतर बाकीची लेबलं कोरीच राहतात.

पहिली छपाई नेहमी साध्या कागदावर. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ नको, १०० टक्के किंवा ॲक्च्युअल साइज हवं. मार्जिन छपाईच्या हद्दीबाहेर असल्याचा इशारा आला तर ‘फिक्स’ दाबू नका, सगळी मांडणी सरकते. छापलेला कागद लेबलाच्या कागदावर ठेवून खिडकीशी उजेडात धरा. सगळी लेबलं सारखीच सरकली असतील तर मार्जिन सुधारा. फरक खाली वाढत गेला तर पिच चुकलाय किंवा प्रिंटर मजकूर लहान करतोय. तिरकं आलं तर ट्रेचे गाइड ढिले आहेत.

लेसर प्रिंटरला लेसरसाठीचाच कागद घाला, हाताने, एकेक, सरळ वाटेने, म्हणजे कागद आत वळणार नाही असा. काही लेबलं काढलेला कागद त्यात पुन्हा घालू नका. उष्णतेने गोंद सुटून आतल्या रोलरला चिकटतो आणि दुरुस्ती महाग पडते. साध्या इंकजेटची शाई ओल्या बाटलीवर पसरते. फ्रीजमध्ये जाणाऱ्या सरबताला लेसरवर छापलेलं प्लास्टिक फिल्मचं लेबल उत्तम.

गणपतीआधीच्या मागणीसाठी छपाई ऐन पावसाळ्यात पडते, तेव्हा दमट हवेने कागद वळतो आणि प्रिंटरमध्ये अडकतो. पाकीट हवाबंद डब्यात आडवं ठेवा, लागतील तेवढेच कागद काढा आणि उरलेले लगेच आत टाका. बाटली पुसून पूर्ण कोरडी करा, गार करण्याआधी लेबल लावा आणि मधून कडांकडे दाबत न्या.