अ‍ॅरेसोबत डब्यांची संख्याही पाठवा

सी या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनला अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या घटकांची रांग) दिला की अख्खा अ‍ॅरे जात नाही, पहिल्या घटकाचा पत्ता तेवढा जातो. दादरला फलाटावर पहिलाच डबा समोर यावा तसं. लोकल १२ डब्यांची की १५, ते इंडिकेटरनेच सांगायचं. १० इंटचा (पूर्णांकांचा) अ‍ॅरे घ्या. मेनमध्ये साइझऑफ (बाइटमधलं माप सांगणारा ऑपरेटर) ४० सांगेल (इंट ४ बाइटचा धरून). फंक्शनच्या आत विचारलंत तर ६४-बिट मशीनवर ८, म्हणजे नुसत्या पॉइंटरचं (तो पत्ता धरणाऱ्या चलाचं) माप. मी एकदा घटक किती ते काढायला त्याच ८ला ४ने भागून लूप फिरवलं. बेरीज दोनच आकड्यांची येई, आणि मी संध्याकाळभर डेटाला दोष देत बसलो. घटकांची संख्या वेगळी पाठवाच. पॅरामीटरच्या चौकोनी कंसात १० लिहून भागत नाही, कंपायलर तो आकडा धरतच नाही.