मंडपातल्या ग्रुप फोटोआधी अ‍ॅपर्चरची तयारी

नवरीचे एकटीचे फोटो एफ १.८ वर काढून झाले की आधी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, बदला; एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. तो आकडा तसाच राहिला की खुर्चीवरचे आजी-आजोबा लख्ख आणि मागे उभे काका-मामा धूसर येतात.

फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावून ५ मीटरवर फोकस केला, तर एफ १.८ ला साधारण ४.५ ते ५.६ मीटर एवढंच शार्प येतं. खाली सतरंजीवर मुलं, मग खुर्च्या, मागे उभी मंडळी, एवढ्यात पहिल्या ते शेवटच्या चेहऱ्यापर्यंत दीड मीटर सहज भरतात. एफ ५.६ ला हीच पट्टी ३.७ ते ७.५ मीटर होते. पण हे आकडे साध्या प्रिंटचे. अल्बममध्ये दोन पानांवर पसरणाऱ्या फोटोसाठी याच्या निम्म्याहूनही कमी धरा. म्हणून ५.६ च्या खाली उतरू नका, ८ जमलं तर उत्तम. १६ वर मात्र जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चेहरे सॉफ्ट येतात. चौथी रांग झालीच तर सरळ दोन मीटर मागे सरका.

१.८ वरून ५.६ ला आलं की प्रकाश साधारण दहावा हिस्सा उरतो. शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा आणि फ्लॅशचे जादा सेल खिशात ठेवा. रंगीत कापडाच्या छतावर फ्लॅश बाउन्स केला, म्हणजे वर मारून परतवला, तर तो रंग चेहऱ्यांवर उतरतो.

खुर्च्या सरळ ओळीत लावून घ्या. हौसेने कमान केली जाते, पण फोकसची पातळी सपाट असते. टोकाचे लोक अर्धा मीटर पुढे आले की तेवढी डेप्थ, म्हणजे शार्प येणारी पट्टी, तिथेच खर्ची पडते. मागच्यांना खुर्चीच्या पाठीला टेकून उभं करा.

फेस डिटेक्शन (कॅमेऱ्याने आपोआप चेहरा शोधणं) बंद करून फोकसचा सिंगल पॉइंट, म्हणजे एकच बिंदू, ठेवा, नाहीतर फोकस सतरंजीवरच्या पोरावर जातो. पॉइंट खुर्चीवरच्या नवरदेवाच्या डोळ्यावर धरा, कारण फोकसच्या पुढे डेप्थ कमी आणि मागे जास्त मिळते.

क्लिक झालं की स्क्रीनवर झूम करून मुंडावळ्यांचे मोती बघत बसू नका, तिथे फोकसच आहे, ते शार्प दिसणारच. मागच्या रांगेतल्या टोकाच्या माणसाच्या भुवया बघा, मग पुढच्या मुलाच्या पापण्या. त्यांचा एकेक केस वेगळा दिसत नसेल तर मंडळी उठायच्या आत ८ वर आणखी एक घ्या.