ब्रेनस्टेम आणि मसल टोन : सुरुवात छेदापासून करा

लातूर-नांदेडच्या क्लासमधून ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा काढून आलेल्या मुलांना चार पर्याय दिले की बरोबर उत्तर सापडतं. फिजिऑलॉजीच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) पर्याय नसतात. ट्रॅक्टची (मज्जातंतूंच्या वाटांची) नावं, उगम, शेवट सगळं तोंडपाठ असतं, पण ‘इथं कापलं तर काय होईल?’ म्हटलं की गाडी अडते. म्हणून ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आणि मसल टोन (स्नायूतला सततचा ताण) यांचा हा धडा छेदापासून, म्हणजे मेंदू कुठं कापला इथपासून, वाचायला घ्या.

कोऱ्या कागदावर वरून खाली मांडा: कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर), मिडब्रेनमधलं रेड न्यूक्लियस (न्यूक्लियस म्हणजे मज्जापेशींचा पुंजका), पॉन्सचा रेटिक्युलर (जाळीदार) भाग, वेस्टिब्युलर (तोल सांभाळणारं) न्यूक्लियस, मेड्युलाचा रेटिक्युलर भाग, स्पायनल कॉर्ड. मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला मिळून ब्रेनस्टेम. शेजारी सेरेबेलम (लहान मेंदू). पॉन्सचा रेटिक्युलर भाग आणि वेस्टिब्युलर न्यूक्लियस गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शरीर उभं धरणाऱ्या स्नायूंचा टोन वाढवतात, आणि त्यांना वरून हुकूम लागत नाही. मेड्युलाचा रेटिक्युलर भाग तोच टोन उतरवतो, पण त्याला कॉर्टेक्स आणि रेड न्यूक्लियसकडून सतत चालना लागते. सगळा धडा या एका फरकावर उभा आहे.

आता सुपीरियर आणि इन्फीरियर कॉलिक्युलसच्या (मिडब्रेनच्या मागच्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या उंचवट्यांच्या) मधून रेघ मारा; रेघ म्हणजे छेद. फिजिऑलॉजिस्ट शेरिंग्टन यांनी 1898 मध्ये मांजरावर केलेला छेद हाच. मेड्युलाची चालना तुटली, पॉन्स आणि वेस्टिब्युलर मोकाट सुटले. चारही पाय ताठ, मान मागे, शेपटी वर. हीच डिसेरेब्रेट रिजिडिटी. रेघ वेस्टिब्युलर न्यूक्लियसच्या खाली नेली, तर टोन चढवणारेच तुटतात आणि ताठरपणा जातो. रेड न्यूक्लियसच्या वर नेली, तर माणसात हात कोपरात वाकतात आणि पाय ताठ राहतात, कारण रेड न्यूक्लियसमधून निघणारा रुब्रोस्पायनल ट्रॅक्ट हाताच्या फ्लेक्सरना (वाकवणाऱ्या स्नायूंना) चालवतो आणि तो पायापर्यंत फारसा पोचत नाही. पेशंटमध्ये हे इतकं रेखीव नसतं. इजेची जागा पोस्चरवरून (अंगाच्या ठेवणीवरून) छातीठोकपणे सांगू नका.

हमखास घोळ होतो तो गॅमाचा. शेरिंग्टनच्या मांजरात डॉर्सल रूट (स्पायनल कॉर्डमध्ये संवेदना आणणारं मूळ) कापली की त्या पायाचा ताठरपणा गेला. म्हणजे वरचा हुकूम मुख्यतः गॅमा मोटर न्यूरॉनला जात होता: गॅमामुळे स्पिंडल (स्नायूतला ताण मोजणारा अवयव) ताणलं जातं, त्याचा संदेश नेणारे वन-ए तंतू डॉर्सल रूटमधून आत येतात आणि मग स्नायू आखडवणारा अल्फा मोटर न्यूरॉन पेटतो. वाट मध्येच तोडली की खेळ संपला. छेदाऐवजी मेंदूचा रक्तपुरवठा बंद करून केलेल्या प्रयोगात सेरेबेलमचा पुढचा भागही मरतो, वेस्टिब्युलरवरचा त्याचा लगाम सुटतो आणि अल्फा थेट पेटतो; तिथं डॉर्सल रूट कापूनही ताठरपणा टिकतो. उत्तर लिहिताना कोणता प्रयोग ते आधी लिहा, नाहीतर दोन्ही वाक्यं एकमेकांना खोडतात.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या किंवा अंबाजोगाईच्या मेडिसिन वॉर्डात टोन बघताना पेशंट उताणा, उबदार आणि ढिला हवा. थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाचा टोन चढलेलाच लागतो. “आजोबा, हात एकदम ढिला सोडा, हलवायचं काम माझं,” म्हणा आणि सोयाबीन कसं आलंय ते विचारा. लक्ष हाताकडे असलं की माणूस नकळत मदत करतो. कोपर आधी सावकाश हलवा, मग झटक्यात. झटक्यात अडून एकदम सुटलं तर स्पॅस्टिसिटी. कोणत्याही वेगाला सारखाच अडथळा लागला तर रिजिडिटी. पायासाठी गुडघ्याखाली दोन्ही हात घालून पटकन उचला. टाच गादीवरून घसरत आली तर ठीक. पाय सरळच राहून टाचही वर उचलली गेली, तर टोन वाढलाय. फिजिओथेरपीवाल्यांनी स्पॅस्टिसिटी मोजायच्या मॉडिफाइड अॅशवर्थ स्केलचे 0, 1, 1+, 2, 3, 4 हे टप्पे हातानं करूनच शिकावेत.

बेशुद्ध पेशंटमध्ये शुद्धीची पातळी मोजायच्या ग्लासगो स्केलच्या मोटर (हालचालीच्या) भागात असाधारण फ्लेक्शनला (हात वाकण्याला) 3 गुण, एक्स्टेन्शनला (ताठ होण्याला) 2. दोन्ही बाजू वेगळ्या वागल्या तर गुण चांगल्या बाजूचे द्यायचे, आणि केसपेपरवर दोन्ही बाजू लिहायच्या.